आधी गिऱ्हाईक व्हा, मग दुकान मांडा



हाळी-हंडरगुळीच्या बाजारात तुम्ही बैल घ्यायला गेला आहात असे समजा. विकणारा म्हणतो, "पाहुणे, अस्सल देवणी आहे, डोळे झाकून घेऊन जा." तेवढ्यावर तुम्ही पैसे मोजता काय? मुळीच नाही. तुम्ही जबडा उघडून दात पाहता. वशिंडावर हात फिरवता, खूर बघता, चार पावले चालवून पाहता. अंगावरचा रंग पाहून वानेरा, बालंक्या की शेवरा हे मनाशी ठरवता. "औताला धरलाय का? मारका तर नाही?" असे खोदून विचारता. मग कुठे भावाची बोलणी सुरू होतात.

ही विद्या शिकायला आपण कोणत्या शाळेत गेलो नव्हतो. वडिलांच्या मागे बाजार केले, एक-दोनदा फसलो, त्यातून डोळा तयार झाला. फोनवरून माल विकण्याची विद्याही अशीच येते, एवढेच मला आज सांगायचे आहे. त्यासाठी लागणारे निम्मे शिक्षण तुमच्या घरात आधीच आलेले आहे. पोराने फोनवरून बूट मागवले, सूनबाईने साडी मागवली, तुम्ही पंप मागवला. प्रत्येक खरेदीत एक धडा होता. आपण तो वाचलाच नाही, एवढेच.

चाळीस किलोचा धडा

आमचे घर जळकोट तालुक्यातले. डोंगरउताराची हलकी-मध्यम जमीन. खरिपात सोयाबीन आणि त्यातच तुरीची पाटे. तूर निघाली की पोती भरून आडतीवर न्यायची, हमाली-तोलाई वजा जाता हाती येईल ती पट्टी घेऊन घरी यायचे, असे वर्षानुवर्षे चालले होते. एका वर्षी मनात आले, दोन क्विंटल तूर मागे ठेवू, तिची डाळ करू आणि फोनवरून थेट शहरात विकू.

डाळ झाली. एका संध्याकाळी पोत्याचे तोंड उघडून दिव्याखाली फोटो काढला. खाली लिहिले, "गावरान तूरडाळ मिळेल. भावासाठी फोन करा." महिनाभरात खपली चाळीस किलो, तीही पुण्यातल्या नातेवाइकांनी भिडेखातर घेतली म्हणून. बाकीची डाळ घरात पडून. पावसाळा तोंडावर आलेला, कीड लागण्याची धास्ती. पैसे अडकलेले आणि बियाण्याची वेळ जवळ आलेली. मी चिडून म्हणालो, "शहरातल्या लोकांना चांगल्या मालाची किंमतच नाही."

त्याच महिन्यात मी फोनवरूनच एक बॅटरीवरचा फवारणी पंप मागवला होता. घरातून उत्तर आले, "अहो, एका पंपासाठी तुम्ही चार दिवस काथ्याकूट केला. मग लोकांनी तुमची डाळ न बघता, न विचारता का घ्यावी?"

मी गप्प झालो. रात्री पोराची जुनी वही घेतली आणि तो पंप मी कसा घेतला, ते पहिल्यापासून लिहून काढले.

पंप घेताना काय घडले?

मी पाच विकणारे पाहिले होते. पहिल्याकडे सर्वांत स्वस्त पंप होता, पण फोटो एकच, चकचकीत. टाकी किती लिटरची, बॅटरी किती वेळ चालते, काहीच नाही. मी पुढे गेलो. दुसऱ्याने लिहिले होते, "भावासाठी संपर्क करा." मला वाटले, हा माणूस माझी ऐपत बघून भाव सांगणार. तिथूनही पुढे गेलो. आणि हेच शब्द मी माझ्या डाळीखाली लिहिले होते!

तिसऱ्याचा भाव पटला, पण पैसे भरायच्या वेळी पाठवणीचे पैसे वेगळे लावले. रक्कम मोठी नव्हती, पण मन खट्टू झाले. चौथ्याकडे पन्नास जणांनी स्तुती केली होती, सगळी एकाच साच्यातली. पाचव्याकडे मात्र एका शेतकऱ्याने तक्रार लिहिली होती, की खांद्याचा पट्टा कच्चा आहे. त्याखाली विकणाऱ्याचे उत्तर होते, "आपले बरोबर आहे, नवा पट्टा पाठवला." ती तक्रार वाचूनच मी त्याच्याकडून पंप घेतला.

पंप आला तेव्हा त्याचा नोझल फुटलेला. दोन दिवस कोणी फोन उचलला नाही. त्या दोन दिवसांत मी जे बोललो ते येथे छापण्यासारखे नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून फोन केला, चूक कबूल केली, नवा नोझल पाठवला. पैसे दिल्यापासून माल हाती पडेपर्यंत गिऱ्हाइकाचा जीव कसा टांगणीला लागतो, ते मला तेव्हा कळले.

वहीतले पाच प्रश्न

तुम्हीही एक वही करा. घरात फोनवरून काहीही घेतले, की हे पाच प्रश्न त्यात उतरवा.

१. इतके विकणारे असताना मी याच्यापाशीच का थांबलो?

२. घेण्यापूर्वी मनात कोणती शंका होती आणि ती कशाने फिटली?

३. ज्यांच्याकडून घेतले नाही, त्यांच्यापासून कोणत्या जागी मागे फिरलो?

४. पैसे दिल्यावर कशाची भीती वाटली?

५. पुन्हा त्याच्याकडून घेईन काय? शेजाऱ्याला काय सांगेन?

घरातल्या बायकांना अवश्य विचारा. धान्य, कापड, भांडे पारखण्यात त्यांचा डोळा आपल्याहून तयार असतो. सात-आठ खरेद्या लिहून झाल्या, की एकच उत्तर पुन्हा पुन्हा येते असे दिसेल. मग पान उलटा आणि तेच प्रश्न आपल्या मालाला लावा.

आम्ही काय बदलले?

फोटो सकाळच्या उन्हात काढले. एक पोत्याचा नाही, तर तळहातावर घेतलेल्या डाळीचा. गिऱ्हाइकाला दाणा दिसला पाहिजे. बैलाचा जबडा उघडून दाखवावा तसेच हे. दुसरा फोटो शेतातल्या तुरीचा, तिसरा बांधलेल्या पिशवीचा. भाव उघड लिहिला आणि तो घरपोच लिहिला. एक किलोच्या पुडक्याला पाठवणीचा खर्च फार बसतो, पाच किलोला दर किलोमागे तो उतरतो. म्हणून पाच किलोची पिशवी ठरवली आणि कारणही लिहिले. कारण सांगितले, की लोक समजून घेतात.

"डाळ शिजायला किती वेळ लागतो?" हा प्रश्न शहरातून हमखास येई. मी आपला, "लवकर शिजते," म्हणून मोकळा होत असे. आता घरी अर्धा तास भिजवून कुकरला लावली, शिट्या मोजल्या आणि तेवढेच लिहिले.

सर्वांत उपयोगी पडली ती आणखी एक गोष्ट. आम्ही आमच्याच डाळीचे गिऱ्हाईक झालो. एक पिशवी पुण्यात भाच्याला पाठवली आणि त्याला म्हटले, उघडण्यापूर्वी फोटो पाठव. पिशवीचा कोपरा फाटलेला, पाव किलो डाळ वाटेत सांडलेली! ती पिशवी परक्याच्या घरी गेली असती, तर तो पुन्हा आमचे नाव घेता ना. तेव्हापासून दुहेरी पिशवी. आणि पिशवी रवाना झाली, की गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवायचे. तो टांगणीचा काळ आम्ही भोगलेला होता.

पुढच्या हंगामात दोन क्विंटल तुरीची डाळ पावसाळ्याआधी संपली. सतरा घरांनी दुसऱ्यांदा मागवली. बाकीची तूर आजही आडतीवरच जाते, हेही सांगितले पाहिजे. सगळे पीक फोनवर विकले जाईल अशा भ्रमात कोणी राहू नये. पण थोडा माल तरी आपल्या भावाने जातो आणि पेरणीच्या वेळी हात मोकळा असतो.

कायदाही ध्यानात ठेवा

शेतातली तूर विकणे वेगळे आणि डाळ करून पिशवीत विकणे वेगळे. डाळीच्या धंद्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी लागते. २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे पिशवीवर बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. तुम्ही स्वतः दुकानात पिशवी उलटून हेच तर शोधता!

नावाचीही काळजी घ्या. आपल्या लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण म्हणून जळकोटच्या डाळीवर बोरसुरीचे नाव घालायचे नाही. देवणी म्हणून दुसराच बैल कोणी गळ्यात मारला, तर तुम्हाला काय वाटेल? आपल्या डाळीला आपल्या गावाचे नाव द्या.

२०२० च्या ऑनलाइन व्यापाराच्या नियमांनी विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचे भासवून स्वतःची खोटी स्तुती लिहिण्याला मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने फसवणुकीच्या तेरा युक्त्याच यादी करून बंद केल्या. "शेवटचे दोनच नग उरले" अशी खोटी घाई, नकळत टोपलीत टाकलेली जादा वस्तू, शेवटी उघड केलेला खर्च, हे सारे त्यात आहे. गिऱ्हाईक म्हणून हे तुमच्या बाबतीत घडले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आणि विकणारे म्हणून यातले काही आपल्या हातून होऊ देऊ नका.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हापासून महाराष्ट्रात ग्राहक जागा होत आला आहे. शेतकरी हाही ग्राहकच आहे. बी-बियाणे, खते, औषधे, पंप, सारे तो विकत घेतो आणि फसल्याचे दुःख इतर कोणापेक्षा जास्त जाणतो. ते दुःख नुसते उगाळत बसू नका. वहीत लिहा.

येत्या रविवारी जेवणे उरकल्यावर घरच्या सर्वांना जवळ बोलवा आणि विचारा, या वर्षात फोनवरून काय काय घेतले, कोणते मनासारखे निघाले, कुठे पस्तावलो. वही पोरीच्या हाती द्या, तिचे अक्षर चांगले असते. आणि पहिल्या पानावर पहिली खरेदी तुमचीच येऊ द्या.