हिदाल्गो आणि देशमुख

लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं कीं "आमचें घराणें देशमुखांचें" हें वाक्य जळगांव-धुळ्याकडे अजूनहि ऐकूं येतें. या पदाचा मूळ अर्थ मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं.

स्पेन देशांत 'हिदाल्गो' ही अशीच एक जुनी कुलीन पदवी होती. 'कांहींतरी असलेल्याचा पुत्र' अशी तिची फोड. हें 'कांहींतरी' म्हणजे मालमत्ता. हिदाल्गोस कांहीं कर माफ असत. सर्व्हांतेसच्या १६०५ सालच्या कादंबरींतील दोन किहोते असाच एक हिदाल्गो. संपत्ति बेताची, कुळाचा ताठा भरपूर!

'देशमुख' या शब्दांत बापाचा उल्लेखच नाहीं. देश म्हणजे येथें परगणा. त्याचा मुख्य तो देशमुख. त्यानें सारावसुली पाहावी, देशपांड्यानें हिशेब लिहावा व दोघांनीं आपले हक्क घ्यावे, असा रिवाज होता. नांव कामाचें, परंतु वतन वंशपरंपरेचें झाल्यानें तें शेवटीं पुत्रत्वावरच मिळूं लागलें. येथें आपण हिदाल्गोच्याच पंक्तीस बसलों, हें कबूल केलें पाहिजे.

१८१८ मध्यें खानदेशांत इंग्रजी अंमल आला आणि वसुलीचें काम हळूहळू सरकारी कचेऱ्यांकडे गेलें. पुढें १९५० च्या मुंबई कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें रद्द झालीं. मागें राहिलें तें आडनांव. (देशपांड्यांनीं हंसूं नये, त्यांचीहि गत तीच.)

कोणाच्या पेटींत जुनी मोडी सनद असल्यास ती धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत अवश्य दाखवावी. पूर्वजांकडे कोणता परगणा होता व काम काय होतें, हें कदाचित् तींत सांपडेल.