फुगे भरण्याआधीची गोष्ट

डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात स्पायडर-मॅन एका अजस्र यंत्राखाली अडकून पडला आहे. छताला गळती लागली आहे आणि पाणी वाढतं आहे. मेकाकूंचा जीव वाचवू शकणारं औषध समोरच पडलं आहे, पण हात पोचत नाही. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ३३व्या अंकाची (फेब्रुवारी १९६६) सुरुवातीची पाच पानं एवढंच चालतं. एक पोरगा अंगावरचं ओझं उचलायला बघतो, दमतो, हरतो, पुन्हा जोर लावतो. खलनायक जवळपास नाही, ठोसाठोशी नाही. बारा सेंटला मिळणाऱ्या चिमुकल्या अंकातली पाच पानं अशी घालवणं म्हणजे त्या काळच्या हिशेबाने निव्वळ उधळपट्टी.

पण ही पानं नीट पाहिली तर ती कुठेही रेंगाळत नाहीत. सुरुवातीच्या चौकटी लहान, कोंदट. त्यांत वरून यंत्राचा काळा भार आणि खाली चेपलेला नायक. मग मेकाकू आणि मेलेल्या बेनकाकांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे येतात. तो नेट लावतो आणि यंत्र इंचाइंचाने हलायला लागतं, तशा चौकटीही मोठ्या होत जातात. जणू तो यंत्राबरोबर पानावरच्या रेघाही वर ढकलतो आहे. पाचव्या पानावर चौकटी संपतात. पानभर एकच चित्र: यंत्र डोक्याच्या वर, पाण्याचा लोंढा आणि ताठ उभा राहिलेला स्पायडर-मॅन. पुढे २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ या चित्रपटाने हाच प्रसंग उचलला. तिथे संगीत होतं, अभिनेता होता, ढिगाऱ्याखालचा त्याचा आक्रोशही होता. तरी छापील पानांवरचा तो दाब पडद्यावर तितकासा जाणवला नाही.

ही पानं स्टीव्ह डिटको यांची. कथानकही त्यांचंच, आणि १९६५ पासून अंकावर तसं श्रेय छापलंही जात होतं. त्या दिवसांत डिटको आणि संपादक-लेखक स्टॅन ली यांच्यात बोलणं उरलं नव्हतं. डिटको पानं घेऊन मार्व्हलच्या कचेरीत यायचे, निर्मितीचं काम बघणाऱ्या सॉल ब्रॉडस्कींच्या हाती ठेवायचे आणि निघून जायचे. त्यानंतर ली त्या पानांवरचे संवादांचे फुगे भरायला बसायचे.

कॉमिकमध्ये गोष्ट नेमकी कोण सांगतं, हा प्रश्न इथून सुरू होतो.

कॉमिकमधला काळ घड्याळावर चालत नाही, तो जागेवर चालतो. मोठी चौकट म्हणजे लांबलेला क्षण. चिंचोळ्या चौकटींची रांग म्हणजे धावपळ. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं ते वाचक स्वतःच भरून काढतो. अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक केलं, तेही कॉमिकच्याच रूपात. वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीला ही मोकळीक नव्हती. आपल्याकडे ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे घराघरात पोचलेला वेताळ मूळचा अशाच पट्टीतला, १९३६ सालचा. रोज तीन-चार चौकटी, ठरलेली उंची, आणि शेवटच्या चौकटीत उद्यासाठी काहीतरी टांगून ठेवायचं. १९३८ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला. सुपरहीरोला तिथे पुस्तकाचं आख्खं पान मिळालं खरं, पण त्या पानाचं करायचं काय हे उमगायला चित्रकारांना आणखी काही वर्षं लागली.

ज्यांना ते सगळ्यांत आधी उमगलं त्यांत जॅक कर्बी यांचं नाव वर घ्यावं लागतं. १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, ऑस्ट्रियातून आलेल्या ज्यू कुटुंबात ते जन्मले. मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. वडील कपडे शिवण्याच्या धंद्यात होते, आणि गल्लीत पोरांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या रोजच्याच. पुढे मुलाखतींमध्ये कर्बी त्या मारामाऱ्यांचे किस्से रंगवून सांगत. त्यांच्या चित्रांत माणूस ज्या तऱ्हेने ठोसा खातो, ती तऱ्हा या गल्ल्यांतलीच असणार असं वाटत राहतं. जो सायमन यांच्याबरोबर त्यांनी कॅप्टन अमेरिका उभा केला. मार्च १९४१ ची तारीख असलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणताना दिसतो, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. नंतर कर्बी स्वतः पायदळातून फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि हिमबाधेने पाय सुजवून परतले.

कर्बींची आकृती पानात मावत नाही. मूठ थेट वाचकाच्या नाकासमोर येते, तीही मनगटामागच्या अख्ख्या देहाएवढी मोठी. पाय फाकलेले, बोटांची टोकं चौकोनी, शरीर एका तिरक्या रेषेत ताणलेलं. ते ठोसा लागतानाचा क्षण सहसा काढतच नाहीत. काढतात तो हात पुरता मागे खेचल्याचा, नाहीतर समोरचा उडून पडल्याचा. मधला आघात वाचकाच्या डोक्यात होतो आणि म्हणून तो जोरात बसतो. अंतराळातली ऊर्जा दाखवायला त्यांनी काळ्या गोल ठिपक्यांचे घोस वापरले. चाहत्यांनी त्याला ‘कर्बी क्रॅकल’ असं नाव दिलं, आणि आजचे चित्रकारही ते बिनदिक्कत वापरतात.

१९६१ च्या ‘फँटॅस्टिक फोर’पासून मार्व्हलमध्ये जी रीत रुजली, तिचं नावच पुढे ‘मार्व्हल पद्धत’ पडलं. स्टॅन ली एकाच वेळी डझनभर मालिका लिहीत होते. प्रत्येक चौकटीचं वर्णन आणि संवाद असलेली पटकथा आधी तयार करायला त्यांना सवड नव्हती. म्हणून ते चित्रकाराला थोडक्यात कथासूत्र सांगत, कधी टाइप केलेल्या कागदावर, कधी फोनवर, कधी गप्पांच्या ओघात. चित्रकार घरी जाऊन वीसेक पानं काढून आणी. कुठला प्रसंग किती लांबवायचा, कोणाला पुढे आणायचं, कुठे थांबायचं हे सगळं त्याने ठरवलेलं असे. पान आलं की ली संवाद लिहीत. चित्रपट आधी चित्रित करून, जोडून टाकावा आणि मग लेखकाला संवादांसाठी बोलवावं, तसा हा मामला. कर्बी समासात पेन्सिलीने बारीक टिपणं लिहून ठेवायचे: इथे हा काय म्हणतो आहे, हा का चिडला आहे. त्यांची अशी टिपणं असलेली कितीतरी पानं शिल्लक आहेत.

या रीतीतून काय घडू शकतं, हे १९६६ च्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या ४८ ते ५० या अंकांत दिसलं. ग्रह गिळणारा महाकाय गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो, असं सूत्र ठरलं होतं. कर्बींची पानं आली तेव्हा त्यांत एक आगंतुक दिसला: रुपेरी अंगाचा, उडत्या सर्फबोर्डवर उभा. हा कोण, असं लींनी विचारलं. एवढ्या बलाढ्य देवाला वर्दी द्यायला कोणीतरी दूत नको का, असं कर्बींचं म्हणणं. शिवाय अंतराळयानं काढून काढून ते कंटाळले होते! सिल्व्हर सर्फर असा समासातून नव्हे, थेट चौकटीतून कथेत शिरला. लींना तो इतका आवडला की त्याच्या तोंडी त्यांनी गंभीर, जवळजवळ प्रवचनाच्या वळणाची भाषा घातली. कर्बींच्या कल्पनेतला सर्फर निराळा होता. तो निव्वळ ऊर्जेतून घडलेला, माणूसपण म्हणजे काय हे मुळात ठाऊकच नसलेला. १९६८ मध्ये सर्फरची स्वतंत्र मालिका निघाली तेव्हा लींनी जॉन बुसेमा या चित्रकाराला घेऊन त्याला दूरच्या ग्रहावरचा एक विरही प्रियकर करून टाकलं. कर्बींना ते फार लागलं.

पेन्सिलीनंतरही पान चार हातांतून जाई. मूळ चित्र छापील आकाराच्या दुप्पट कागदावर काढलेलं असे. आधी अक्षरकार फुग्यांतला मजकूर लिही, मग शाईकार कुंचला आणि टाक घेऊन रेघा पक्क्या करी. शाईकार म्हणजे नुसता गिरवणारा नव्हे. जो सिनॉट यांच्या शाईखाली कर्बींची यंत्रं क्रोमसारखी चकाकू लागली. उलट विन्स कोलेटा वेळ वाचवायला पार्श्वभूमीतली माणसं आणि इमारती सरळ खोडरबराने पुसून टाकत. काम मात्र वेळेवर देत, त्यामुळे संपादकांना ते हवेच असत. रंगकाराला स्वस्त, पिवळट वृत्तपत्री कागदावर जेमतेम ६४ छटा मिळत. म्हणूनच नायक लाल, निळे, पिवळे आणि खलनायक बहुधा हिरवे नाहीतर जांभळे. १९६२ साली पहिल्या अंकात आलेला हल्क करडा होता. छपाईत तो करडा रंग प्रत्येक पानावर निराळा उतरायला लागला, तेव्हा दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. जगभरच्या पोरांना ठाऊक असलेला हल्कचा रंग छापखान्याच्या अडचणीतून आलेला आहे.

आता लींच्या पारड्यात काय पडतं? पुष्कळ. नायकाला सर्दी होते, घरभाडं थकतं, मित्र रुसतात, हा घरगुती सूर पानोपानी टिकवला तो त्यांच्या संवादांनी. कर्बींनी नंतर एकट्याने लिहिलेली कॉमिक्स वाचली की चित्रं तीच, आवेश तोच, पण पात्रं मात्र जाहीर सभेत बोलल्यासारखी बोलतात. तेव्हा लींची किंमत कळते. वाचकांच्या पत्रांना खुसखुशीत उत्तरं देणं, शाईकार आणि अक्षरकार यांची नावं टोपणनावांसकट पहिल्या पानावर छापणं, ही सवयही त्यांनी लावली. अडचण होती ती श्रेयाच्या चौकटीतल्या शब्दांत. तिथे ‘लेखन: स्टॅन ली, चित्रं: जॅक कर्बी’ असं छापलं जाई. वाचकाला वाटे की एकाने गोष्ट रचली आणि दुसऱ्याने ती सजवली. मोबदल्याचंही तसंच. ली पगारी संपादक, शिवाय लेखनाचे पैसे वेगळे. चित्रकाराला पानामागे पैसे, आणि तेही फक्त चित्राचे. कथानक रचल्याचे काही नाही.

या धंद्याची जातकुळी मुळात तीच होती. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. म्हातारपणी दोघांची दैना झाली, नील अ‍ॅडम्ससारखे नामवंत चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९७५ च्या अखेरीस, सुपरमॅनचा मोठा चित्रपट तयार होत असताना, त्याचे हक्क असलेल्या कंपनीने वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं. निर्माते म्हणून त्यांची नावंही परत छापली जाऊ लागली. कर्बी १९७० मध्ये मार्व्हल सोडून प्रतिस्पर्धी डीसीकडे गेले, पाचेक वर्षांनी परतले, पुन्हा गेले. ऐंशीच्या दशकात मार्व्हल इतर चित्रकारांना त्यांची मूळ पानं एका साध्या कागदावर सही घेऊन परत करत होती. कर्बींपुढे मात्र अटींनी भरलेला लांबलचक करार ठेवला गेला. सहकारी आणि वाचक यांनी जाहीर ओरड केल्यावर १९८७ मध्ये पानं मिळाली. पण त्यांनी काढली होती हजारो, हाती आली दोन हजारांच्या आसपास. बाकीची चोरीला गेली, वाटली गेली, विकली गेली. १९९४ मध्ये कर्बी वारले. त्यांच्या वारसांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. मार्व्हलच्या अंकांवर आणि चित्रपटांच्या नामावलीत लींच्या जोडीने कर्बींचं नाव ठळक दिसतं, ते मुख्यतः त्यानंतर.

आज अमेरिकेत बरीच कॉमिक्स पूर्ण पटकथेवरून काढली जातात. तरी चित्रकाराचा हात कथेत शिरायचा राहत नाही. २००४ मध्ये मुंबईतल्या पवित्र प्रभाकरला नायक करून ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ ही चार अंकांची मालिका निघाली. त्यात चित्रकार जीवन कांग यांनी पवित्रला धोतर नेसवलं. ही कथा भारतातली आहे हे पहिल्या नजरेत कळतं ते त्या धोतरामुळे. संवाद त्यानंतर वाचले जातात. पुढे २०२३ च्या ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या अ‍ॅनिमेशनपटात हाच पवित्र मुंबई आणि मॅनहॅटन यांची सरमिसळ असलेल्या शहरात झोके घेताना दिसला.

डिटकोंनी १९६६ मध्ये ३८व्या अंकानंतर स्पायडर-मॅन सोडला. कारण त्यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं नाही. छायाचित्रं आणि मुलाखती ते टाळतच राहिले, आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. त्याच वर्षी काही महिन्यांनी लीही गेले. त्याआधी, २००८ मध्ये, एका निनावी दात्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला २४ मूळ पानं दिली. १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकाची ही पानं, म्हणजे स्पायडर-मॅनच्या पहिल्या कथेचीही. चित्रं डिटकोंची आहेत आणि एका पानाच्या समासात लींची सूचना आहे: गाडी बंद टपाची दाखव, कोणाचे हात बाहेर लोंबकळायला नकोत, बेफाम हाकताहेत असं वाटता कामा नये.