परतणाऱ्याचा पगार आणि कर

दुबईची नोकरी सोडून वर्सोव्याच्या सात बंगल्यात परतणारा गृहस्थ दिरहमाचे रुपये करून येथील पगार जोखतो, आणि तेथेच फसतो. अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही; येथे तो दरमहा पगारातूनच कापला जातो. शिवाय कंपनी सांगते त्या वार्षिक आकड्यात भविष्यनिर्वाह निधीतील तिचा स्वतःचा वाटा, बहुधा ग्रॅच्युइटीही, धरलेली असते. व्यवसायकराचे वर्षाकाठी २,५०० रुपये त्यामानाने किरकोळच.

खरी मेख रहिवासाच्या दिवसांत आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात काढले की मनुष्य निवासी ठरतो. १ ऑक्टोबरला उतरणाऱ्याचे, लीप वर्ष नसल्यास, ३१ मार्चला नेमके तेवढेच भरतात! तथापि मागील १० वर्षांपैकी ९ वर्षे जो अनिवासी होता, त्याला कायदा ‘सामान्य निवासी’ मानीत नाही. त्यामुळे परदेशातच मिळणाऱ्या व्याजाभाड्यावर त्याला साधारण दोन-तीन वर्षे येथे कर पडत नाही. मुंबईतील पगाराला ही सवलत नाही. आणि एनआरई खात्यावरील व्याज तर कायमचे परतताच करपात्र होते. बँकेला कळविण्याचे राहिले म्हणून ते करमुक्त राहत नाही. पुष्कळांना हे प्राप्तिकर खात्याचे पत्र हाती पडल्यावरच उमगते.