आठ दिवसांचे पाहुणे आणि चौतीस वर्षांची बाई

परोपकारालाही हल्ली पासपोर्ट लागतो. दूरदेशीच्या एखाद्या गावातील चर्चची मंडळी वर्षभर पैसे साठवतात, रजा जमवतात आणि आठ-दहा दिवसांसाठी गरीब देशांतील मुलांची सेवा करायला निघतात. या प्रवासाला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. कोणी आफ्रिकेत जातो, कोणी फिलिपाइन्समध्ये. आणि क्वचित कधी मुंबई-हावडा लोहमार्गावरचे आमचे गोंदियाही त्यांच्या वाटेवर लागते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गटाबरोबर तीन दिवस हिंडण्याचा योग मला आला. इंग्रजी समजणारी मराठीची प्राध्यापिका म्हणून दुभाषाचे काम माझ्याकडे आले. देवरीकडच्या जंगलालगतचा एक टोला होता. धान कापून झाले की येथील कितीतरी आईबाप बांधकामाच्या मजुरीसाठी बाहेर पडतात आणि मुले आजीच्या ओटीत उरतात. पाहुण्यांत एक परिचारिका होती. तिने दोन दिवस खाली बसून मुलांची खरूज धुतली, मलम लावले, नखे कापली. एक सत्तरीचा सुतार होता. त्याने शाळेची मोडकी बाके ठोकून उभी केली. त्यांच्या डोळ्यांत खोटेपणा मला कोठेही दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी मुलांनी न सांगता एक इंग्रजी गाणे हावभावांसह म्हणून दाखवले. पाहुणे चकित झाले. गाणे त्यांचे नव्हते. आदल्या वर्षी आलेल्या दुसऱ्याच गटाने ते शिकवले होते. मग एका मुलीने माझा पदर ओढून विचारले, “मॅडम, पुढच्या साली ह्याच बाई येतीन का?” मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. परिचारिका मान खाली घालून मलमाच्या डबीचे झाकण लावू लागली. गप्प राहण्याचे भाषांतर करावे लागत नाही, एवढेच दुभाषाचे सुख.

त्या मुलीच्या प्रश्नाला एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ च्या डिसेंबरात मुंबई बंदरात उतरली. वय बत्तिशीचे, लग्न झालेले नाही. अमेरिकेतून परदेशी मिशनकार्यासाठी धाडलेली ती पहिली अविवाहित स्त्री मानली जाते. मुलींच्या शाळांची देखरेख करणे हे तिचे काम. मुलगी शिकली तर घरावर संकट येईल, असे मानणाऱ्या त्या काळात एकेक मुलगी शाळेत आणायची, आणि ती अक्षरे ओळखू लागते न लागते तोच तिचे लग्न ठरायचे! फरारबाई मराठी शिकल्या. प्रकृतीसाठी एकदा मायदेशी जाऊन आल्या आणि १८३९ साली अहमदनगरला राहायला गेल्या. तेथेच १८६२ च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला. आठ दिवस नव्हे, चौतीस वर्षे!

या चौतीस वर्षांचे फळ कोठे दिसले? पुण्याला! नगरच्या त्यांच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि तेथे मुलींना शिकवण्याची रीत आपल्याला आवडली असे त्यांनी पुढे सांगितले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला ‘ज्ञानोदया’ने, म्हणजे १८४२ साली अमेरिकन मिशननेच नगरहून सुरू केलेल्या पत्राने. पाहुणी बाई, मग येथली शिक्षिका, मग तिच्या शाळेतील मुलगी स्वतःच्या लेखणीने बोलणारी! सेवेचे सार्थक मला या साखळीत दिसते.

आणि धर्मांतराचे काय, असे वाचक विचारतील. विचारलेच पाहिजे. फरारबाई धर्मप्रसारासाठीच आल्या होत्या, हे त्यांनीही लपवले नाही. पण जोतीरावांनी त्यांच्याकडची शाळा घेतली, धर्म घेतला नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येते, त्याचाच ‘हो’ खरा. भुकेल्या लेकराला ‘नाही’ म्हणता येत नाही. म्हणून त्याच्या ताटाशेजारी कोणतीच अट ठेवू नये, मग देणारा कोणत्याही देवाचा असो.

एका भेटीतही आयुष्य पालटते, असे कोणी म्हणेल, तर त्याचा दाखला आमच्याच लोहमार्गावर आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. ती गाडी गोंदियावरूनच जाते. डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल वाचायला दिले आणि १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पण टिळक प्रौढ होते, पंडित होते, कवी होते. त्यांनी दोन वर्षे स्वतःशी वाद घातला. टोल्यावरच्या सात वर्षांच्या पोरीला वाद घालायचा नसतो. तिला तेच माणूस उद्या परत दिसायला हवे असते.

पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. इंग्लंड-अमेरिका पाहून आलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडली. आमचा हा मुलूखही तेव्हा मध्य प्रांतातच होता. तिने सुमारे तीनशे मुली-बायका आपल्याबरोबर नेल्या. केडगावला मुक्ती सदनात त्यांना अक्षरओळख दिली, विणकाम, छपाई, शेती शिकवली. आणि १९२२ साली मरेपर्यंत ती त्यांच्यातच राहिली. दया स्टेशनावर पुरी होते. खरे काम घरी पोचल्यावर सुरू होते.

परदेशी पाहुण्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपण काय करतो? आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर सात दिवसांचे असते. सातव्या दिवशी मुलामुलींच्या डोळ्यांना पाणी येते, आठव्या दिवशी बस सुटते. शहरातील कुटुंबे बाळाच्या वाढदिवशी अनाथाश्रमात केक नेतात, फोटो काढतात. हेतू चांगलाच असतो. पण आठवड्याला नवा काका, नवी मावशी भेटलेले मूल शेवटी सगळ्यांना सारखेच हसून दाखवायला शिकते. त्या हसण्याला आपण समाधान समजतो.

मग जाऊच नये काय? जावे, पण दोन-चार गोष्टी विचारून. त्या मुलांजवळ बारा महिने राहणारे माणूस कोण आहे? आपल्या पैशाने त्याचे हात बळकट होतात की आपलाच प्रवास होतो? मुलांना ठेवून घेणारी संस्था असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे तिची नोंदणी आहे ना? मुलांचे आईबाप हयात असतील, तर त्यांना घरी परत नेण्याचे काही चालले आहे ना? आणि भाषा! येथे घरी कोणी गोंडी बोलते, कोणी झाडीबोली. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले म्हणून पोराला हसणारा गुरुजी आणि फक्त इंग्रजी गाणे शिकवणारा पाहुणा, दोघेही त्याच्यापासून सारखेच दूर. दहावी-बारावी झालेली त्याच टोल्यावरची एखादी मुलगी रोज संध्याकाळी दिवा लावून पंधरा पोरांना बसवत असेल, तर तिचे वर्षाचे मानधन हे पंचवीस माणसांच्या तिकिटांहून मोठे दान आहे.

दिवाळी आली आहे. फराळाचे डबे घेऊन पाड्यावर, टोल्यावर, वस्तीवर जाणारी पुष्कळ घरे मला ठाऊक आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, जाताना एक वही न्या, मुलांची नावे लिहून घ्या, कोणाला वाचता येते आणि कोणाला येत नाही तेही लिहा. संक्रांतीला तीच वही घेऊन त्याच गावी जा. जूनमध्ये शाळा उघडली की पुन्हा जा. तिसऱ्या खेपेला मुले तुमच्या हातांकडे न बघता तोंडाकडे बघू लागतील. तेथून पुढे तुम्ही पाहुणे नाही.