आभासी विश्वात डिझाईनचे धडे. देवनागरीची मात्र परीक्षा

लखनौ : शहरातील इंदिरा नगर या मोठ्या निवासी वसाहतीपासून काही किलोमीटर अंतरावर, जुन्या लखनौत, नवाब आसफुद्दौला यांनी उभारलेला बडा इमामबाडा आहे. त्याच्या उभारणीचा संबंध १७८४ मधील दुष्काळाशी आणि त्या वेळी लोकांना दिलेल्या रोजगाराशी जोडला जातो. मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब व १५ मीटर उंच असून त्याच्या छताला तुळईचा किंवा मधल्या खांबाचा आधार नाही. डिझाईनचा विद्यार्थी ही मापे वहीत उतरवू शकतो, संगणकावर त्रिमितीय प्रतिकृतीही तयार करू शकतो. परंतु लॅपटॉपच्या पडद्यावर १५ मीटरचे छत आणि दीड मीटरचे कपाट एकाच आकाराचे दिसू शकते. हेडसेट लावून तो त्याच प्रतिकृतीत उभा राहिला, की छत पाहण्यासाठी मान वर करावी लागते. आभासी वास्तवाचे तंत्र डिझाईनच्या वर्गात येण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

हे तंत्र वाटते तितके नवे नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालण्याचा संगणकीय पडदा १९६८ च्या सुमारास तयार केला; त्यानंतर लगेचच, १९६९ मध्ये, मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाईन केंद्र सुरू झाले. आज आयडीसी स्कूल ऑफ डिझाईन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत अ‍ॅनिमेशन आणि इंटरॅक्शन डिझाईन शिकवले जाते, तसेच मिश्र वास्तवावर काम करणारी प्रयोगशाळाही आहे. २०१५ पासून बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम उपलब्ध झाल्याने यूसीईईडी या प्रवेश परीक्षेमार्फत लखनौच्या विद्यार्थ्यालाही पवईचा मार्ग खुला आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईतच पेडर रोडवरील राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या संकुलात भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि विस्तारित वास्तव हे तिचे क्षेत्र आहे.

हेडसेट दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवतो, त्यामुळे खोली जाणवते. डोके वळताच चित्रही वळले पाहिजे, आणि तेही साधारण २० मिलिसेकंदांच्या आत. अन्यथा डोळ्यांना जाणवणारी हालचाल आणि अंतर्कर्णाला जाणवणारी हालचाल जुळत नाही व मळमळ सुरू होते. म्हणूनच विद्यार्थ्याला केवळ देखणे दृश्य उभारून भागत नाही; ते सेकंदाला ७२ किंवा ९० वेळा पुन्हा रेखाटता येईल इतके हलके ठेवावे लागते. नक्षी किती ठेवायची आणि किती वगळायची, हा निर्णय इथे सौंदर्याइतकाच शरीराचाही असतो. दुसरी अडचण एककांची. ब्लेंडर मीटरमध्ये मोजते, अनरियल इंजिन सेंटिमीटरमध्ये. निर्यात करताना लक्ष दिले नाही, तर इमामबाडा खेळण्याएवढा होतो.

साधनांचा खर्च हा सर्वसामान्य महाविद्यालयांपुढचा खरा प्रश्न. ब्लेंडर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ए-फ्रेमसारख्या साधनाने तयार केलेले आभासी दृश्य मोबाईलच्या ब्राउझरमध्येही उघडते. हेडसेट मात्र महाग, आणि एका वर्गाला एखाददुसराच मिळतो. ही उणीव वाटते तितकी घातक नाही. एक विद्यार्थी हेडसेटमध्ये फिरत असताना त्याला दिसणारे दृश्य भिंतीवर दाखवता येते. तो कुठे थबकतो, कुठे चाचपडतो, दार कोणत्या बाजूला शोधतो, हे इतरांनी टिपून घ्यायचे. आपली रचना दुसरा कशी वापरतो हे पाहणे हा डिझाईनचा जुनाच धडा आहे. त्यासाठी तीस हेडसेट लागत नाहीत. नेमके प्रश्न विचारणारा शिक्षक लागतो, आणि तो यंत्राबरोबर खोक्यात येत नाही.

एका बाबीकडे अभ्यासक्रमांत पुरेसे लक्ष जात नाही, ती म्हणजे लिपी. मानवी डोळा एका अंशात सुमारे ६० बिंदू वेगळे ओळखू शकतो. सर्वसाधारण हेडसेट त्याच्या निम्मेही दाखवत नाहीत. रोमन अक्षर त्यात तग धरते, परंतु शिरोरेषा, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे असलेली देवनागरी लहान आकारात पुसट होते. अक्षरे किती मोठी, किती जाड आणि किती अंतरावर असावीत, याचे उत्तर इंग्रजी पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

याबाबत आयडीसीचा स्वतःचा वारसा बोलका आहे. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तेथे अध्यापन केले. विंडोजसोबत कोट्यवधी संगणकांवर पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनीच रचला. बोरू आणि ब्रशने अक्षराची घडण जाणलेला हात संगणकाकडे वळला होता.

आभासी विश्वांची उभारणी ज्या गेम इंजिनांत होते, त्यांतील काही मजकूर-प्रणालींना देवनागरीची जुळणी अजूनही आपोआप जमत नाही. वेगळी जोडप्रणाली बसवावी लागते. याची पडताळणी कोणत्याही वर्गात पाच मिनिटांत होऊ शकते : आभासी रस्त्यावर ‘इंदिरा नगर’ असा फलक लावावा. ‘द’च्या आधी दिसायला हवी ती पहिली वेलांटी त्याच्या नंतर उमटून ‘र’ला चिकटली, तर त्या दिवसाचा स्वाध्याय विद्यार्थ्यांना मिळाला.