कोपऱ्यातील उंट आणि पटाचा मध्य

बुद्धिबळात मध्याची चार घरे आरंभीच प्याद्यांनी व्यापावीत, अशी जुनी शिकवण होती. रिचर्ड रेटी यांनी मध्य आधी दुरून ताब्यात ठेवण्याचा मार्ग दाखविला. घोडा एफ३ वर, प्यादे जी३ वर, उंट जी२ वर, मग किल्लेकोट. या उंटाची तिरकी रेषा थेट पटाच्या मध्यातून जाते. १९२४ साली न्यूयॉर्क येथे याच विचाराने रेटींनी आठ वर्षे अपराजित राहिलेले विश्वविजेते कापाब्लांका यांचा पराभव केला.

हा विचार आपणास परका नाही. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. म्हणून उंट असा बाजूने काढणे स्वाभाविक होते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी असेच खेळत. ‘इंडियन’ बचावांचे नाव त्यावरूनच पडले.

अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून वसतिगृहात येणाऱ्या मुलांना महागडे प्रशिक्षण परवडत नाही. त्यांना ही सुरुवात अवश्य शिकवावी. तिच्यात पाठांतरापेक्षा आकलन अधिक लागते. मात्र सी४ किंवा ई४ या चालीने वेळेवर आघात न केल्यास प्रतिस्पर्धी मध्य बळकावतो. ती वेळ कोणती होती, हे डाव संपल्यावर मुलांनी स्वतः शोधावे. स्वबुद्धीने पारखूनच स्वीकारावे, ही तथागतांची शिकवण पटावरही उपयोगी पडते.