सुखाची भाषा कोणती?

सुख म्हणजे काय, याचा विचार तरुणांनी एकत्र बसून करायचा तर कोणत्या भाषेत करावा? सीमाभागात हा प्रश्न पुस्तकी नाही. गावच्या जत्रेत मराठी आणि कन्नड मुले एकच रथ ओढतात, कबड्डीच्या मैदानात एकमेकांना भिडतात. मनातले बोलायची वेळ आली की मात्र गप्प होतात.

साने गुरुजींनी याची वाट दाखवून ठेवली आहे. सविनय कायदेभंगाच्या काळात, वयाच्या तिशीत, त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ आणि बंगाली शिकले. तिरुवळ्ळुवरांचे ‘तिरुक्कुरल’ त्यांनी मराठीत आणले. १३३० द्विपदींच्या या ग्रंथाचे तीन भाग आहेत : अरम्, पोरुळ आणि इन्बम्, म्हणजे धर्म, अर्थ आणि प्रेमाचे सुख. तमिळ कवीचा सुखविचार असा मराठी घरात आला. त्यासाठी गुरुजींना आपले मराठीपण सोडावे लागले नाही. पुढे त्यांनी पाहिलेल्या ‘आंतरभारती’च्या स्वप्नाचे मर्म हेच होय.

आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये ‘नेम्मदी’ हा सुंदर शब्द आहे. मनाला घोर नसणे, निवांत असणे म्हणजे नेम्मदी. आपल्या ‘समाधाना’च्या तो जवळचा. पाऊस वेळेवर झाला, सोसायटीचे कर्ज फिटले की घरात नेम्मदी येते, असे कन्नड मुलगा सांगेल, तेव्हा मराठी मुलीला आपलेच घर आठवेल. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. कन्नड काव्यासाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांनी मराठीतही लेखन केले.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रेमाने शिकलेली भाषा आणि सक्तीने लादलेली भाषा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी प्रयत्न करावेत, असे घटनेचे कलम ३५० (अ) सांगते. १९५६ पासूनचा आपला लढा हक्कासाठी आहे, शेजाऱ्याच्या भाषेशी त्याचे वैर नाही. ज्याच्या आजोबांना स्वतःच्या शेताचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्या मुलाशी सुखाच्या गप्पा कोणत्या तोंडाने माराव्यात?

म्हणून दोन्ही कामे बरोबरीने व्हावीत. हक्काची लढाई वडीलधाऱ्यांनी नेटाने चालू ठेवावी. आणि येत्या सुट्टीत गावोगावच्या वाचनालयांनी, तरुण मंडळांनी पाच-दहा मराठी व कन्नड मुलामुलींना एकत्र बसवावे. प्रत्येकाने आपल्या भाषेत सुखाचा एक प्रसंग सांगावा; ऐकणाऱ्याने तो आपल्या भाषेत परत सांगावा. चुकले तर कोणी हसू नये. खर्च काय, तो चहापाण्याचा! पण ज्याचे सुख आपण एकदा ऐकून घेतले, त्याच्यावर दगड उचलताना हात नक्कीच अडखळेल.